चौथ्या थरातला अकरावा

कपाट उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरकले.

आमच्या लॅबच्या काचेच्या कपाटात कच्छहून आणलेले सगळे अमोनाइट ओळीनं मांडले होते. डावीकडे सगळ्यात मोठा, थाळीएवढा, मग त्याच्याहून लहान, मग त्याच्याहून लहान, आणि उजव्या टोकाला बोराएवढे चार-पाच. धुतलेले, पुसलेले, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवलेले. खाली लाल कापड अंथरलेलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि कपाट असं दिसत होतं की समितीनं आधी नमस्कारच करावा. पण एकाही दगडावर नंबर नव्हता.

मी एक उचलून उलटा केला. दुसरा केला. दहावा-बारावा केला. मग मी मागे न बघताच बसले, आणि नशिबानं खुर्ची तिथे होती.

मी भूशास्त्र शिकवते. यवतमाळ जिल्ह्यात हा विषय शिकवायचा म्हणजे खिडकीतून जे दिसतं त्याच्या बाहेरचं बरंच सांगावं लागतं. वणीकडचा कोळसा आणि चुनखडी सोडली तर इकडे बहुतेक सगळा काळा दगड. लाव्हा आला, पसरला, थंड झाला, त्याची काळी माती झाली आणि त्या मातीत आमचा कापूस. ज्युरासिक काळातला समुद्र बघायचा तर कच्छ गाठावं लागतं. तिथे ओढ्यांच्या काठांवर त्या समुद्राचा गाळ थरावर थर असा उघडा पडला आहे, आणि त्या थरांत अमोनाइट आहेत. मेंढ्याच्या शिंगासारखा गुंडाळलेला शंख, आत ऑक्टोपसच्या नात्यातला प्राणी. प्राणी कधीच संपला, शंखाचा दगड झाला.

या प्राण्याचं आम्हाला एवढं कौतुक, कारण तो फॅशन फार बदलायचा. पृथ्वीच्या मानानं थोड्याच काळात त्याची एक जात जायची, दुसरी यायची, आणि आलेली जात दूरदूरच्या समुद्रांत पसरायची. लग्नाचा जुना अल्बम उघडला की शर्टाची कॉलर आणि ब्लाउजची बाही बघून आपण अंदाजे साल सांगतो, तसं अमोनाइटवरच्या रेघा बघून थराचं वय सांगता येतं. आमच्या थरांपुरतं सांगायचं तर फुगीर अंगाचा, बारीक रेघांचा शंख खालच्या, म्हणजे जुन्या थरात. कडेला गाठी आणि पाठीवर खाच असलेला वरच्या, म्हणजे नंतरच्या थरात. हे सगळं पुस्तकात मिळतं. पण पुस्तकात ते आलं कसं? कोणीतरी उन्हात उभं राहून कुठला शंख कुठल्या थरातून निघाला हे डोळ्यांनी पाहिलं आणि तिथेच लिहून ठेवलं म्हणून. थर माहीत नसलेला अमोनाइट दिवाणखान्यात छान दिसतो. आमच्या कामासाठी तो मुका.

आणि माझ्यासमोर मुक्यांची रांग लागली होती.

ते दगड माझेही नव्हते. माझ्या विद्यार्थिनीचे होते. महागावकडची मुलगी, घरी कापूस, सोयाबीन आणि तूर, आणि अख्ख्या घराण्यात दगडांसाठी घराबाहेर पडलेली ही पहिलीच. तिचे वडील एकदा कॉलेजात आले होते. लॅबमध्ये उभं राहून त्यांनी सगळं नीट बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, ह्या गोट्याईवर पोरीले नोकरी लागन काय?" मी छातीठोकपणे सांगितलं होतं, लागेल. पीएच.डी. झाली की लागेल.

तीन वर्षं ती एकाच ओढ्याच्या काठावर काम करत होती. तळापासून वरपर्यंत बारा थर, कोणीच नीट न नोंदवलेले. तिचा नियम कडक होता. खाली घरंगळून पडलेला दगड कितीही देखणा असो, घ्यायचा नाही. छिन्नीनं थरातून स्वतः काढलेलाच घ्यायचा. मला कधीकधी मोह व्हायचा, एखादा सुंदर दगड मी हळूच पिशवीत टाकायला जायची, आणि ती काही न बोलता तो परत ओढ्यात ठेवून यायची. विद्यार्थिनीकडून असं शिकायला लागणं मला फारसं आवडायचं नाही, पण ती बरोबर असायची.

संध्याकाळी लॉजवर ती वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड थराप्रमाणे माझ्यासमोर ठेवायची आणि मी त्यांच्यावर नंबर घालायची. व्हाइटनरचा ठिपका, तो वाळला की त्यावर काळ्या बारीक पेनानं आकडा. ४/११ म्हणजे चौथ्या थरातला अकरावा. माझं अक्षर तिच्यापेक्षा बारीक म्हणून हे काम माझं. तिनं एकदा विचारलं होतं, "मॅडम, एकेकाचा फोटो काढून ठेवू का?" दिवसभर चालून माझा गुडघा ठणकत होता. मी म्हटलं, "नंबर आहे, वहीत नोंद आहे, आता आणखी काय पत्रिका काढायची त्याची? वर्णन लॅबमध्ये निवांत करू." ती बरं म्हणाली. माझ्या आवाजापुढे सहसा सगळे बरं म्हणतात.

तर ते सगळे नंबर गेले होते, आणि घालवणारा माणूस दारात उभा होता, कौतुकाची वाट बघत.

आमचे लॅब अटेंडंट भाऊ बोरी अरब गावचे. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, कामाला चोख, काचेचं भांडं आजवर एक फोडलेलं नाही. दसऱ्याला सूक्ष्मदर्शकांना हळदकुंकू तेच लावतात. समितीच्या धास्तीनं मीच त्यांना बजावलं होतं, "भाऊ, परवापर्यंत कपाट चकाचक पाहिजे. आत एक डाग दिसला नाही पाहिजे." मुलगी तेव्हा सोयाबीन सोंगायला म्हणजे कापायला गावी गेली होती. भाऊंनी दगड मोटारसायकलवर दोन खेपांत घरी नेले.

"घरी कायले नेले?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"बायको दिवाळीचे देव घासून राह्यली होती ना," भाऊ म्हणाले. "म्हटलं संगच होऊन जाईन. पावडर नाई लावू देली मी. चिंचेच्या पान्यात रात्रभर ठेवले अन् नारळाच्या काथ्यानं घासले. हातानं, हळू."

"आणि नंबर?"

"ते पांढरे डाग? निघाले सारे." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. "मॅडम, तुमीच सांगता ना पोराईले, शालिग्राम म्हन्जे हाच जीव? मंग शालिग्रामावर कोनी नंबर टाकते काय? मले तं पहिल्यापासूनच कसंतरी वाटे."

हे मीच सांगते. दरवर्षी, पहिल्याच तासाला. देवघरातला शालिग्राम म्हणजे हिमालयात सापडणारा ज्युरासिक अमोनाइट, हे ऐकलं की पेंगणारी मुलंही सरळ बसतात. वीस-बावीस वर्षं भाऊ दाराशी उभे राहून ते ऐकत आले होते. वर्गातल्या मुलांपेक्षा त्यांनीच ते मनावर घेतलं होतं.

हे सगळं मला तेव्हा दिसलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मी फक्त ओरडले. कॉरिडॉरमधले लोक थांबून बघायला लागले इतकं ओरडले. तीन वर्षांचं वाटोळं केलं, अक्कल गहाण ठेवली होती का, असं बरंच काही. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून लॅबच्या किल्ल्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची रजेची चिठ्ठी आली.

समिती आली. कपाटासमोर अध्यक्ष मिनिटभर थांबले, म्हणाले, "वा. असं प्रेझेंटेशन मोठ्या शहरांतही बघायला मिळत नाही." मोठ्या दगडाकडे बोट दाखवून त्यांनी वय विचारलं. मी सांगितलं, साधारण सोळा कोटी वर्षं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. माझ्या तोंडून उत्तरं निघत होती एवढंच.

नंतर सुट्या लागल्या. मुलगी दिवाळीनंतर येणार होती. मी रोज ठरवायची, आज फोन करायचा, आणि रोज काहीतरी निमित्त काढून तो टाळायची. काय सांगणार होते? तुझे दगड आहेत, थर गेले? ती विचारणार, कसे गेले. मी सांगणार, मी नीट सांगितलं नाही, फोटो नको म्हटले, कुलूप लावलं नाही. पन्नाशीच्या पुढे आल्यावर स्वतःची चूक मोठ्यानं म्हणायची सवय गेलेली असते.

मग एका दुपारी रिकाम्या लॅबमध्ये बसून मी दगड हातात घ्यायला लागले, उगाच. हा फुगीर, बारीक रेघांचा. हा चौथ्या-पाचव्यातलाच असणार. हा गाठींचा, हा नववा किंवा दहावा. मला ते ओळखता येत होतं, आयुष्य त्यातच गेलं आहे. कॉम्प्युटरवर तिची एक यादी होती, कुठल्या थरातले किती नग. मी दगडांचे बारा ढीग केले, यादीशी आकडे जुळवले. आणि व्हाइटनरची बाटली बाहेर काढली.

मी स्वतःला काय समजावलं तेही सांगते. शंखावरून थर ओळखणं हेच तर आमचं शास्त्र, मग मी वेगळं काय करते आहे? मला पुरतं माहीत होतं की हे लबाडीचं आहे. ती पुस्तक बरोबर आहे का हे तपासत होती, आणि मी तिचे दगड पुस्तकातून उतरवून काढत होते. असे दगड पुस्तकाशी जुळणारच. मुलाचा पेपर मास्तरनंच लिहायचा आणि वर मास्तरनंच तपासायचा, असला हा प्रकार होता.

एकाच ठिकाणी अडलं. चौथ्या थराच्या ढिगात एक नग कमी पडत होता आणि नवव्यात एक जास्त होत होता. मी तो ढीग तीनदा मोजला. चिडले. मग पाचव्या ढिगातला एक फुगीर घेऊन चौथ्यात टाकला, सहाव्यातला पाचव्यात सरकवला, असं करत नवव्यापर्यंत सगळं बसवलं. चौथ्यात अकरावा म्हणून जो बसला त्यावर मी लिहिलं, ४/११. अक्षर माझंच होतं, पहिल्यासारखंच आलं. दोन दिवसांत काम संपलं. इतक्या सहज संपलं की माझीच मला भीती वाटली.

भाऊ रजेवरून परतले तेव्हा त्यांनी कपाट पाहिलं, नंबर पाहिले. मी म्हटलं, "तिला काही बोलायचं नाही. मी निस्तरलं आहे." त्यांना वाटलं मी कुठूनतरी खरे नंबर काढले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाले, "लय उपकार झाले मॅडम. पोरीचं नुकसान झालं असतं तं मी तोंड नसतं दाखवलं."

मुलगी आली. हातांना सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे, सोबत आईनं दिलेला चिवडा. दगड बघून म्हणाली, "किती स्वच्छ झाले." मी म्हटलं, समितीसाठी धुवून घेतले, नंबर पुसट झाले होते ते पुन्हा गडद केले. हे वाक्य मी आधी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं.

पुढचे पंधरा दिवस ती खाली मान घालून काम करत होती. मोजमाप, चित्रं, वर्णनं. सगळं पुस्तकाबरहुकूम जुळत होतं, आणि ती मात्र दिवसेंदिवस गप्प होत होती. मला वाटलं, थकली असेल. मला तसंच वाटून घ्यायचं होतं.

एका सकाळी मी लॅबमध्ये आले तेव्हा तिची कच्छची वही टेबलावर उघडी होती. ती बाहेर नळावर पाणी भरायला गेली होती. वही मी कधी नीट वाचली नव्हती, ती तिच्याच ताब्यात असायची. पान चौथ्या थराचं होतं. त्या दिवशी मी गुडघा धरून लॉजवर पडले होते आणि ती एकटी ओढ्यावर गेली होती. दगडांची नोंद, आणि अकराव्यापुढे तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: गाठी आहेत, पाठीवर खाच आहे. थरातूनच काढला, दोनदा खात्री केली. इतक्या खाली कसा? मॅडमना विचारायचं, पण लॅबमध्ये आधी नीट बघून.

त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली होती. खाली कालची तारीख आणि दोन शब्द: माझी चूक.

चौथ्यात एक कमी, नवव्यात एक जास्त. तो कमी पडलेला नग बोलत होता. सबंध संग्रहात पुस्तकाला न जुळणारा तो एकच दगड, तीन वर्षांच्या कामातली तिची खरी मिळकत तेवढीच, कदाचित त्या शंखाच्या जातीचं येणं पुस्तकात लिहिलंय त्याहून जुनं ठरवणारी. तो माझ्या हातात आला होता. मी तो नवव्या थरात लोटला होता, कारण पुस्तकात तो तिथे असतो.

ती पाण्याची बाटली घेऊन आत आली. वही माझ्यासमोर पाहून ओशाळली.

"मॅडम, ते काही नाही," ती म्हणाली. "मले त्या दिवशी तसं दिसलं होतं. पन नंबर पाह्यला तं अकरावा साधाच निंगाला. उन्हात काई समजलं नसन. माहीच चूक झाली असन."

"तू दोनदा खात्री केलीस असं लिहिलंयस."

"हो. म्हनून तं आता बाकीच्यायचीबी खात्री नाई वाटून राह्यली. मी अख्खा चौथा थर थिसिसमधून काढून टाकते."

मला वाटलं होतं, फार तर दगडांचं नुकसान झालं. हिनं तर माझ्या व्हाइटनरच्या ठिपक्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं होतं. आता न सांगणं शक्य नव्हतं, आणि सांगितलं तर ही मुलगी माझ्याकडे पुन्हा तशी बघणार नव्हती. मी सांगितलं. चिंचेच्या पाण्यापासून सगळं, क्रमानं, काही न गाळता. ढीग कसे केले, कुठला कुठे सरकवला, ४/११ कसा लिहिला. आठव्या-नवव्यातून गाठीवाले काढून तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, यातला एक तुझा आहे, पण कुठला ते मला माहीत नाही.

तिनं ते दगड जवळ ओढले. एकेक उचलून पालथा करून पाहिला. तिलाही ओळखता आला नाही. ओढ्यावर तो मातीनं अर्धा भरलेला होता, इथे सगळे सारखेच घासलेले. रडेल असं मला वाटलं होतं, ती रडली नाही. रागावेल असंही वाटलं होतं.

"लॅबच्या काकाले तुमी लय बोलल्या म्हने," ती शेवटी म्हणाली. "साऱ्याईच्या समोर."

"हो."

"काकानं तं निस्ते धुतले होते, मॅडम. लिवलं तुमी."



मग ती उठली. "बाबाले घेऊन जाईन परत," म्हणाली, माझ्याकडे न बघता. "कापूस झाल्यावर. पहिल्या थरापासून." तिनं कपाटातले सगळे दगड टेबलावर आणले, स्पिरिटची बाटली उघडली, कापसाचा बोळा भिजवला आणि नंबर पुसायला लागली. पहिला गेला, दुसरा गेला. माझे ते बारीक, नीटस आकडे पांढऱ्या पाण्यासारखे ओघळत होते.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "सगळे कशाला पुसतेस? यातले बरेच नंबर बरोबर असतील गं."

तिचा हात थांबला. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोनते?"